राजगड–तोरणा–रायगड, पाठीवर सॅक घेऊन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फराळाचे डबे रिकामे झाले की पुण्यात दोन गोष्टी सुरू होतात: लग्नाच्या पत्रिका आणि 'राजगड-तोरणा-रायगड करायचंय, जरा सांगाल का' असे निरोप. पहिल्याचं आमच्या हातात काही नाही. दुसऱ्यासाठी हे पान. गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न जवळपास आले तसेच ठेवलेत. एका उत्तरात सांगितलेलं दुसऱ्यात परत सांगितलेलं नाही, फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. ही वाट नेमकी कुठून कुठे जाते?

गुंजवण्यातून राजगड चढायचा. संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून बाहेर पडून डोंगरधारेने तोरण्याची बुधला माची गाठायची. भगत दरवाजातून गेळगाणीकडे उतरून हरपूड, वरोती करत मोहरीला जायचं. मोहरी सह्याद्रीच्या अगदी काठावर आहे. तिथून नाळेने (डोंगरातल्या चिंचोळ्या, दगडांनी भरलेल्या घळीने) घाट उतरला की कोकणात पाने किंवा दापोली लागते (ही दापोली म्हणजे लिंगाणा सुळक्याखालचं छोटं गाव, रत्नागिरीची नव्हे. एकाने खरंच तिथला लॉज शोधला होता). मग काळ नदीच्या खोऱ्यातून रायगडवाडी आणि रायगड.

म्हणजे स्वराज्याच्या पहिल्या राजधानीतून निघून १६७४ साली जिथे राज्याभिषेक झाला तिथे पायी पोचायचं. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत राजगड आणि रायगड दोन्ही आहेत. मधला तोरणा नाही. तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यात हा विषय जपून काढावा.

२. किती दिवस लागतात?

चार. शुक्रवारी रात्री गुंजवण्यात मुक्काम, शनिवारी राजगड करून तोरणा, रविवारी तोरणा ते मोहरी, सोमवारी मोहरी ते पाने किंवा रायगडवाडी, मंगळवारी रायगड आणि रात्री पुणे. पहिले दोन दिवस नऊ ते अकरा तास चालणं होतं.

दोन दिवसांत करणारे आहेत, तीन दिवसांत करणारे पुष्कळ आहेत. पण तीन दिवसांच्या हिशोबात नाळ संध्याकाळी उतरावी लागते, आणि ती संध्याकाळी उतरू नये (प्रश्न ११). ऑफिसची रजा मिळत नसेल तर राजगड-तोरणा एवढंच करा. तोही पूर्ण ट्रेकच आहे.

३. कधी जावं? पावसाळ्यात किती सुंदर दिसत असेल!

दिसतं. राजगडावर जाऊन बघा आणि आल्या वाटेने परत या. सलग वाट पावसाळ्यात करू नका. धारेवर ढगात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, आणि नाळ म्हणजे मुळात पाण्याचीच वाट. घाटमाथ्यावर पडलेलं सगळं तिच्यातूनच खाली जातं, सोबत दगड घेऊन.

नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारीअखेर हा सगळ्यात चांगला काळ. नोव्हेंबरात गवत छातीपर्यंत असतं आणि वाटा झाकलेल्या असतात, पण पाणी भरपूर. जानेवारीत वाटा मोकळ्या, रात्री कडक थंडी. फेब्रुवारीपासून टाकी (गडावर कातळात खोदलेले हौद) आटायला लागतात आणि वाळलेल्या गवताला वणवे लागतात. मार्चनंतर आम्ही जात नाही.

४. मी दर रविवारी सिंहगड चढतो. मला जमेल का?

सिंहगड रिकाम्या हाताने चढून, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन उतरत असाल तर त्यावरून काही कळत नाही. आतकरवाडीतून दहा किलोची सॅक घेऊन चढा, उतरा, आणि लगेच पुन्हा चढा. दुसऱ्या उतरणीला गुडघे काय म्हणतात ते ऐका. या ट्रेकमध्ये छाती क्वचित दगा देते, गुडघे देतात.

आणखी चांगली परीक्षा म्हणजे कात्रज ते सिंहगड. तोही सॅक घेऊन, आणि दिवसा. टेकड्यांमागून टेकड्या, मध्ये पाणी नाही, आणि प्रत्येक टेकडीवर 'हीच शेवटची' असं कुणीतरी म्हणतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून जिना नीट उतरता आला तर निघा.

५. गुंजवण्याला कसं पोचायचं आणि रायगडाहून परत कसं यायचं?

स्वारगेटहून वेल्ह्याकडे जाणारी एसटी पकडून मार्गासनीला उतरायचं, तिथून साखरवरून गुंजवणे. थेट गाडी नाही मिळाली तर सातारा रस्त्याने चेलाडी फाटा गाठा आणि वडाप (शेअर जीप) बघा. संध्याकाळ झाली की वडाप कमी होतं, म्हणून दुपारीच पुणे सोडलेलं बरं. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण बोलण्यात वेल्हेच आहे.

स्वतःची गाडी नेऊ नका. ट्रेक संपतो कोकणात आणि गाडी उभी असते घाटावर. ती आणायला जाणाऱ्या मित्राशी पुढे दोन महिने संबंध नीट राहत नाहीत.

परतताना पाचाडहून महाड (सुमारे २५ किलोमीटर) आणि तिथून पुण्याची एसटी. पाचाडला जिजाबाईंची समाधी आहे, गाडीला वेळ असेल तर तिथे बसा.

६. सॅकचं वजन किती असावं?

पाण्यासकट दहा-अकरा किलो. याच्यावर गेलात तर दुसऱ्या दिवशी सामान वाटून घ्यायला माणसं शोधाल आणि कुणी सापडणार नाही.

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे सॅक घेऊन जातो. तो ताणकाट्याच्या आकड्याला लटकवतो आणि रद्दीचा भाव सांगावा तशा सुरात वजन सांगतो. एकदा एकाची सॅक साडेसतरा किलो भरली. उघडली तर आत तीन जीन्स, आईने दिलेला चिवड्याचा डबा (डबा स्टीलचा), आंघोळीचा टॉवेल आणि पंचवीस मीटर नायलॉनची दोरी. दोरी कशाला, तर 'असावी'. दोरी असावी, पण सगळ्या गटात मिळून एक (प्रश्न ११).

कपड्यांचे दोन जोड: एक चालायचा, एक झोपायचा. झोपायचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत, तो काहीही झालं तरी दिवसा बाहेर काढायचा नाही. जीन्स नको. स्वेटर, कानटोपी, कॅरीमॅट, पातळ स्लीपिंग बॅग, हेडटॉर्च आणि जादा सेल. बूट जुने झालेले, पण तळव्याची नक्षी शिल्लक असलेले. नवे कोरे बूट या वाटेवर घालणं म्हणजे फोडांना आमंत्रण. अंथरायला बोहरी आळीत मिळणारा जाड प्लास्टिकचा कागद घ्या. तोच दवापासून सॅका झाकायलाही कामी येतो.

७. वाटेत पाणी कुठे मिळतं? किती न्यावं?

हा ट्रेक चढाने अडत नाही, पाण्याने अडतो. म्हणून हे उत्तर लांब आहे.

राजगडावर पद्मावती माचीवर देवळाजवळच्या टाक्यांत पिण्याचं पाणी असतं. तिथे सगळ्या बाटल्या काठोकाठ भरायच्या. संजीवनी माचीवरही टाकी आहेत, पण त्यांच्यावर हिशोब बांधू नका. अळू दरवाजा सोडला की तोरण्याच्या माथ्यापर्यंत भरवशाचं पाणी नाही. धारेवर एखाद्या झापात (झोपडीत) ताक-सरबत मिळतं, आणि मिळालं तर ते अमृत असतं. पण तिथल्या बाईंनी ते पाणी डोक्यावरून वर आणलेलं असतं. विकत घेतलेलं ताक प्यावं, बाटल्या भरून मागू नयेत.

या टप्प्यासाठी माणशी चार लिटर. 'थंडीत तहान लागत नाही' असं म्हणणारे बुधला माचीखाली दुसऱ्याच्या बाटलीकडे बघत बसलेले आम्ही पाहिलेत. त्यातला एक मीच होतो. बाटलीचं झाकण आट्यांवर तिरपं बसलं होतं, दोन लिटर पाणी स्लीपिंग बॅगने प्यालं आणि मला ते राजगड-तोरण्यामधल्या खिंडीत कळलं. तेव्हापासून एक मोठी बाटली नेत नाही, एक-एक लिटरच्या चार नेतो. एक गेली तर तीन उरतात.

तोरण्यावर मेंगाई देवीच्या देवळाजवळ खोकड टाकं आहे. उतरल्यावर गेळगाणी आणि हरपूड ही वस्तीची ठिकाणं, तिथे विचारून घ्या. मोहरीत गावात मिळेल. मोहरी सोडल्यावर नाळ उतरून खालच्या गावात पोचेपर्यंत पुन्हा काही नाही, म्हणून तिथून माणशी तीन लिटर.

टाक्यातलं पाणी फडक्यातून गाळा आणि क्लोरीनचे थेंब टाकून पाकिटावर लिहिलेला वेळ थांबा. उकळायचं ठरवलंत तर इंधन जादा न्यावं लागेल. आणि टाक्यात पाय सोडून बसू नका. कुणी पायच काय, बूटही धुतात. त्यांना दादा-बाबा करून सांगा, ऐकलं नाही तर मोठ्याने सांगा.

८. मुक्काम कुठे करायचा? तंबू लागतो का?

गुंजवणे, मोहरी आणि पाने या तिन्ही गावांत कुणाची पडवी, देऊळ किंवा विचारून शाळेचा व्हरांडा मिळतो. थंडीत तंबूची गरज पडत नाही, तीन किलो वाचतात.

प्रश्न गडावरच्या मुक्कामाचा. राजगड काय किंवा तोरणा काय, रात्री राहण्याबद्दल पुरातत्त्व आणि वन विभागाचे नियम बदलत असतात. निघायच्या आठवड्यात पायथ्याच्या गावात फोन करून विचारा. आमचं नियोजन म्हणूनच राजगडावर न राहता गुंजवण्यात राहून पहाटे साडेचारला चढायला लागण्याचं आहे.

तोरण्यावर मेंगाईच्या देवळात राहायला मनाई असेल तर वेगळा आराखडा: राजगडाहून खिंडीपर्यंत या, तिथून वेल्ह्यात उतरून रात्र काढा. दुसऱ्या दिवशी वेल्ह्याच्या बाजूने तोरणा चढून पलीकडे हरपूडला मुक्काम. एक दिवस वाढतो, पण शिव्याही बसत नाहीत आणि दंडही.

९. जेवणाचं काय? चूल पेटवली तर चालेल?

चूल नको. सरपणासाठी झाड तोडायचं, वाऱ्यावर ठिणगी उडवायची आणि अख्खा डोंगर काळा करून यायचं, हे प्रकार झालेत. छोटा गॅस स्टोव्ह दहा जणांत दोन पुरतात.

सकाळी पोहे किंवा उपमा, तोही घरी भाजून पाकिटं करून नेलेला. दुपारी स्वयंपाक अजिबात नाही: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, लाडू. रात्री खिचडी. ज्या रात्री गावात आहोत त्या रात्री गावात जेवायचं. मोहरीत पहिल्यांदा गेलो तेव्हा मावशींनी चुलीवरची नाचणीची भाकरी थेट हातावर ठेवली. भाजली म्हणून मी ती या हातातून त्या हातात करत होतो, तर त्या हसून म्हणाल्या, "पुण्याचा हात दिसतोय."

आदल्या दिवशी फोन लागला तर किती जण आहात ते कळवा, अचानक बारा जण जाऊन उभे राहू नका. पैसे विचारल्यावर 'द्या काय द्यायचं ते' असं उत्तर येतं. मग शहरातल्या थाळीचा दर धरून द्या. रोख, सुट्ट्या नोटा. नेटवर्क नसलेल्या ओसरीवर मोबाईलने पैसे देण्याची धडपड दोघांनाही लाजवते.

१०. मोबाईलमध्ये जीपीएक्स (वाट नोंदवलेली फाइल) आहे. मग वाटाड्या कशाला?

राजगड ते तोरणा बहुतेक वेळा वाटाड्याशिवाय जमतं, कारण धार सोडायची नाही एवढं एकच लक्षात ठेवायचं असतं. तोरणा ते मोहरी आणि नाळ, इथे पहिल्या खेपेला वाटाड्या घ्याच.

कारण सांगतो. गेळगाणी सोडल्यावर ढोरवाटांचं जाळं आहे. गुरांची वाट माणसाच्या वाटेपेक्षा रुंद आणि मळलेली असते, त्यामुळे हुशार माणूस नेमका तिच्यावर जातो. आम्ही तसेच गेलो. फोनवरची निळी रेघ आमच्यापासून फार तर चाळीस पावलांवर दिसत होती. मध्ये कारवीचं रान आणि तिच्यात लपलेला तीस-एक फुटांचा कडा. कारवीत शिरलं की पुढचा माणूस दिसत नाही, फक्त काड्या मोडल्याचा आवाज येतो. पाऊण तास घुसाघुशी करून आम्ही होतो तिथेच बाहेर आलो. वर शेळ्या घेऊन एक पोरगा बसला होता. तो हे सगळं शांतपणे बघत होता. म्हणाला, "ती वाट पाण्याला जाती. मोहरीला ह्यो माळ धरा." मग आधी का नाही सांगितलंस? "तुमी फोनात बघत व्हता."

जीपीएक्स जरूर ठेवा, नकाशा ऑफलाइन उतरवून. ती रेघ तुम्ही चुकलात हे सांगते. कसं परत यायचं ते सांगत नाही. आणि दगडावरचे बाण कुणी, कुठल्या वाटेसाठी काढलेत हे माहीत नसेल तर त्यांच्यामागे डोळे झाकून जाऊ नका.

११. बोराट्याची नाळ की सिंगापूरची नाळ?

सॅक घेऊन पहिल्यांदा जात असाल तर सिंगापूरची (हे सिंगापूर म्हणजे मोहरीजवळचं गाव). इथेच उत्तर संपवलं असतं, पण बोराट्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात.

सिंगापूरची नाळ गावकऱ्यांच्या येण्याजाण्याची. वळणावळणाने, उतार जास्त पण वाट स्पष्ट, खाली दापोलीत पोचते. बोराट्याची नाळ मोहरीच्या पुढे रायलिंग पठाराजवळून उतरते. दोन उभ्या भिंतींमधली चिंचोळी फट आणि तिच्यात टेबलाएवढ्यापासून नारळाएवढ्यापर्यंतचे दगड एकावर एक रचलेले. रचलेले म्हणजे टेकलेले. पाय ठेवला की हलतात. नाळेतून बाहेर पडून लिंगाण्याच्या खिंडीकडे जाताना कातळावरून आडवं जावं लागतं, तिथे एका बाजूला दरी आहे. पाठीवरची सॅक कड्याला घासली की ती तुम्हाला बाहेर ढकलते. गटात दोरी हवी ती इथे, आणि ती बांधता येणारा माणूसही.

बोराट्यातून उतरायचंच असेल तर गट दहा-बाराच्या वर नको. डोक्यावर हेल्मेट. दोघांत अंतर ठेवायचं किंवा चारपाच जणांच्या टोळीने एकदम चिकटून उतरायचं, म्हणजे दगड सुटला तरी वेग घ्यायच्या आत खालच्याच्या पायाला लागतो. सुटला की 'दगड!' असं ओरडायचं, सॉरी नंतर म्हणायचं. खाली दुसरा गट असेल तर तो बाहेर पडेपर्यंत वर थांबायचं. एकदा एका संस्थेचे साठ-सत्तर जण एकाच वेळी नाळेत होते. आम्ही वर दीड तास पत्ते खेळत बसलो. ज्यांनी आमची टर उडवली त्यांच्यातला एक खाली पायाला फडकं बांधून बसलेला भेटला.

दोन्ही नाळांना एक नियम सारखा: सकाळी नऊच्या आत उतरायला लागा. दुपारी बारापर्यंत सुरुवात झाली नसेल तर त्या दिवशी मोहरीतच राहा.

१२. साप, बिबट्या, मधमाश्या यांची भीती किती?

भीती वाटायच्या क्रमाने उलटं आहे. बिबट्या दिसला तर नशीब समजा. साप दिसतात, बहुतेक निघून जातात. हात ठेवण्याआधी खाचेत बघायचं, अंधारात टॉर्चशिवाय चालायचं नाही. फुरसं दगडांच्या रंगाचं असतं, एवढं विसरू नका. दंश झालाच तर अंगठी-घड्याळ काढा, तो अवयव हलू देऊ नका, चिरू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्या.

कोकणात उतरल्यावर विंचू. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध जीव वाचवतं हे दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ते काम याच परिसरात, महाडला केलं.

खरी धास्ती आग्या मोहोळाची. कड्याखाली काळी अर्धगोल पोळी दिसली की बोलणं बंद, सिगारेट बंद, फोटोची आरडाओरड बंद. अत्तर, डिओ पुण्यातच ठेवा. माश्या उठल्याच तर धावण्याजोगी जागा असल्यास लांब पळा. कड्यावर असाल तर धावू नका, प्लास्टिकचा कागद किंवा स्लीपिंग बॅग अंगावर ओढून निश्चल बसा.

१३. तोरण्यावर भूत आहे का?

आम्हाला भेटलेलं नाही. उंदीर भेटलेत, आणि ते भाकरीसाठी सॅक कुरतडतात. खाऊ टांगून ठेवा.

१४. शौचाला कुठे जायचं? आणि मासिक पाळी आली तर?

हा प्रश्न सगळे शेवटी, हळूच विचारतात. म्हणून मध्येच घेतला. पाण्यापासून किमान सत्तर-ऐंशी पावलं लांब, वीतभर खोल खड्डा, वरून माती. एक छोटं खुरपं गटात न्या. टिश्यू आणि वाइप्स पुरू नका, जनावरं उकरतात. ते पिशवीत बांधून परत आणायचे.

पॅडचंही तसंच. आतून वर्तमानपत्र लावलेली जाड, काळी, झिपची पिशवी सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात. वाटेवर टाकायचं नाही, जाळायचंही नाही. कप वापरायची सवय असेल तर सोपं जातं, पण सवय घरी करून घ्या. गटात पुरुष म्होरक्या असेल तर त्याने पहिल्याच बैठकीत सांगावं: कुणीही, कारण न सांगता, दहा मिनिटं थांबायला सांगू शकतं.

१५. मध्येच सोडून परतायचं झालं तर?

दोन जागा लक्षात ठेवा, आणि तिथे गटाने थांबून खरंच विचार करा.

पहिली, राजगड-तोरणा यांच्यामधली खिंड. तिथे डांबरी रस्ता आडवा येतो, वेल्ह्याकडे उतरता येतं. तिथे पोचायला दुपारचे दोन वाजून गेले असतील, किंवा कुणाच्या बाटल्या रिकाम्या झाल्या असतील, तर ट्रेक तिथेच संपवा. पुढे बुधला माचीखालचा चढ आणि कातळ अंधारात करायचा नसतो.

दुसरी, मोहरी. इथून गाडीरस्त्याने वेल्ह्याकडे जाता येतं. गुडघा सुजलेल्या माणसाला नाळेत घालू नका. 'एवढं आलो आहोत तर' या वाक्याने सह्याद्रीत बरेच पाय मोडलेत. नाळेत निम्म्यावर गेल्यावर परतायची सोय नाही. तिथे खाली जाणंच जवळ पडतं.

१६. नेटवर्क नसताना कुणाला लागलं तर?

राजगड, तोरण्याच्या माथ्यावर रेंज येते-जाते. दऱ्यांत आणि नाळेत नाही. ११२ हा क्रमांक तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो, रुग्णवाहिकेसाठी १०८. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण संस्थांनी मिळून बचावकार्यासाठी एक समन्वय केंद्र चालवलंय, त्यांचा हेल्पलाइन क्रमांक निघायच्या आधी फोनमध्ये घालून ठेवा.

माणूस अडकला तर एक जण त्याच्याजवळ, दोघं मिळून मदतीला. एकट्याला पाठवू नका, नाहीतर शोधायची माणसं दोन होतात. आणि सगळ्यात आधी गाव. पोलीस पाटील, वाटाड्याचा भाऊ, शेळ्यांमागचा पोरगा: आजवर झालेली बहुतेक सुटका गावकऱ्यांच्या खांद्यावरून झालीय.

घरी एक कागद ठेवा: कुठल्या रात्री कुठलं गाव, वाटाड्याचा नंबर, आणि 'मंगळवारी रात्री बारापर्यंत फोन आला नाही तर' काय करायचं. 'उद्या फोन करतो' असं सांगून निघू नका. रेंज नसते आणि आई रात्रभर जागी राहते.

१७. एकट्याने जाऊ का? मला शांतता हवीय.

शांतता चार जणांतही मिळते, ठरवलं तर. ही वाट एकट्याने करू नका. नाळेत पाय मुरगळला तर दुसरा माणूस कधी येईल याचा नेम नाही. फारच ओढ असेल तर वाटाड्याबरोबर दोघंच जा. ते तसेही कमी बोलतात.

१८. उलटं, रायगडाहून राजगड केलं तर?

करता येतं. नाळ चढायला उतरण्यापेक्षा सुरक्षित, पण कोकणातून घाटमाथ्यावर चढणं म्हणजे दमट उन्हात पाठीवर सॅक. गुडघे दुखणाऱ्यांनी उलटं करावं, दम लागणाऱ्यांनी सरळ.

१९. वाटेतच आहे तर लिंगाणाही करून घेऊ का?

नाही. लिंगाणा सुळका आहे, प्रस्तरारोहण आहे. त्याला वेगळं सामान, वेगळी माणसं आणि वेगळा दिवस लागतो. रायलिंग पठारावर संध्याकाळी बसून बघा. समोर लिंगाणा, त्याच्या खांद्याआडून रायगड. तो एक तास या ट्रेकमधला आमचा सगळ्यात आवडता आहे.

२०. गुंजवण्यातून कुत्रा मागे लागला. काय करू?

हा प्रश्न वर्षातून चारदा तरी येतो. पहिल्या बिस्किटाआधीच ठरवा. बिस्किट दिलंत तर तो तोरण्यापर्यंत येणार, कातळाखाली अडणार आणि तुमच्याकडे बघणार. आमच्यातल्या एकाने त्याला सॅकमध्ये घालून वर नेलाय, सॅकमधलं सामान बाकीच्यांनी वाहिलं. परतीचा रस्ता या कुत्र्यांना आपल्यापेक्षा चांगला माहीत असतो. पण त्यांच्या वाट्याचं पाणी प्रश्न ७ मधल्या चार लिटरमध्ये धरलेलं नाही.

२१. चौथ्या दिवशी पाय गेलेत. रायगडावर रोपवेने गेलो तर ट्रेक धरला जाईल का?

यावरून आमच्या गटात दोन पक्ष आहेत. साधारण साडेचौदाशे पायऱ्या चढल्याशिवाय रायगड केला म्हणू नये, असा एक. दुसऱ्या पक्षात मी आहे. एका वर्षी माझे आई-बाबा पुण्याहून गाडीने आले, रोपवेने वर गेले, आणि मी धापा टाकत महादरवाजातून आत शिरलो तेव्हा आई होळीच्या माळावर सावली शोधून बसली होती. तिने आधी माझ्या बुटांकडे बघितलं, मग पिशवीतून डबा काढला. पुरणपोळ्या होत्या. चढून आलेल्यांनी आणि रोपवेने आलेल्यांनी सारख्याच खाल्ल्या. उतरताना मी आई-बाबांबरोबर रोपवेने उतरलो.